नॉमिनीचा रकाना

आलेलं पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"काकू, मी इंदूरचीच, सुदामा नगरला राहते. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, ६९ वर्षांचे आहेत. २२ वर्षं कापड मिलच्या रंगाई खात्यात होते, मिल बंद पडल्यावर एका किराणा दुकानात हिशेब लिहायचे. मागच्या वर्षी लघवीतून रक्त यायला लागलं, सहा-सात महिने कधी इन्फेक्शन, कधी प्रोस्टेट, कधी खडा म्हणून गोळ्या चालल्या, शेवटी दुर्बिणीतून तुकडा काढला तर मूत्राशयाचा कॅन्सर, आणि तोवर पोटातल्या गाठींत आणि फुप्फुसात पोचलेला. किडनी जरा कमजोर म्हणून जेमसिटाबिन आणि कार्बोप्लॅटिनचे सहा केमो झाले, मधे बरं होतं, पण आताच्या सीटीत गाठी परत वाढल्यात. इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) परवडली नाही म्हणून घेतली नाही. डॉक्टर म्हणतात मुंबईला टार्गेटेड गोळीची ट्रायल चालू आहे, आधी ट्यूमरची जीन टेस्ट करा, आणि त्यांनी माहितीपत्रक वाचायला दिलं. त्यात नॉमिनीचं नाव आणि वार्षिक उत्पन्न असे रकाने आहेत. ते बघितल्यापासून आई रडून राहिली आहे, म्हणते माणूस परत येणार नाही हे यांनी धरूनच ठेवलंय. दादा पुण्याहून म्हणतो, अण्णांना प्रयोगाचा उंदीर करायचं नाही. एका नातेवाइकाने व्हॉट्सॅपवर कुठूनतरी तीच गोळी स्वस्तात मिळते म्हणून नंबर पाठवलाय. आणि मुख्य म्हणजे अण्णांना आम्ही 'गाठ आहे, औषधाने विरघळेल' एवढंच सांगितलंय, कॅन्सर शब्द घरात कोणी काढत नाही. त्यांना त्रास नको म्हणून फॉर्मवर सही मीच करून टाकली तर चालेल का?"

अगं, आधी सहीचंच बोलू या. नाही चालणार. अण्णा शुद्धीत आहेत, स्वतःचं बरंवाईट त्यांना कळतं, तर सही त्यांचीच लागते, तुझी नाही, दादाची नाही, आईचीसुद्धा नाही. घरच्यांची सही कधी चालते, तर पेशंट बेशुद्ध आहे किंवा समजण्याच्या अवस्थेतच नाही तेव्हा. वाचता येत नसेल तर एक तिऱ्हाईत साक्षीदार बसवतात आणि त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवतात, पण अण्णा तर हिशेब लिहायचे, म्हणजे तो प्रश्नच नाही. तू गुपचूप सही केलीस आणि एखाद्या ठिकाणी ती घेतली गेली, तर समज की त्या ठिकाणी आणखीही बरंच काही असंच चालत असणार आणि तिथून आपल्या माणसाला घेऊन बाहेर पड.

आता मी कोण सांगणारी, तर मी डॉक्टर नाही. बँकेतून रिटायर झाल्यावर काही वर्षं एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे ट्रायलमध्ये पेशंटचं हित सांभाळलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीत होते, लेपर्सन म्हणून. कायद्यानेच या कमिटीत डॉक्टरांशिवाय एक वकील आणि एक साधा, औषधातलं न कळणारा माणूस लागतो, तो साधा माणूस मी. माझं काम काय, तर पेशंटला देणार असलेलं माहितीपत्रक वाचायचं आणि सांगायचं की बाबांनो मला यातलं हे कळलं नाही, म्हणजे पेशंटलाही कळणार नाही, परत लिहून आणा. मराठी भाषांतरं तर अशी यायची की हसावं का रडावं, एकात 'प्रतिकूल घटनांचे अहवालीकरण' असं लिहिलं होतं, मी म्हटलं सरळ लिहा ना, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा.

तर तो नॉमिनीचा रकाना. आईला सांग की तो रकाना पेशंटच्या बाजूने आलेला आहे, आणि त्याची कथा बरीचशी आपल्याच गावातली आहे. २०१०-११ च्या आसपास आपल्या इंदूरमधल्या ड्रग ट्रायलच्या बातम्या रोज पेपरात यायच्या, तुला आठवत असेल नसेल, आरोप असे होते की पुष्कळ जणांना आपण ट्रायलमध्ये आहोत हेच नीट सांगितलं गेलं नव्हतं. मग इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सुप्रीम कोर्टात जनहित याचिका लावली, आणि २०१३ पासून सरकारला नियम कडक करावे लागले. ट्रायलच्या औषधाने इजा झाली तर उपचार फुकट, मृत्यू झाला तर वारसाला भरपाई, आणि वारसाला द्यायची तर वारस कोण हे आधी लिहून नको का घ्यायला, म्हणून नॉमिनी. बँकेत एफडी करताना नॉमिनी लिहितो तेव्हा मॅनेजर आपल्या मरणावर टपलेला असतो का? मी तीस वर्षं लोकांकडून तोच रकाना भरून घेतलाय, म्हणून जरा ठासून सांगतेय. आता हे सगळं २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये आहे. नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या माणसांची संमती व्हिडिओवरसुद्धा घेतात, तेव्हा समोर कॅमेरा लावला तर घाबरू नका, तोही याच भांडणातून आलाय.

दादाच्या उंदराचं आता. दादाला म्हणावं तुझा राग बरोबर आहे पण तो नेमका कुठे धरायचा ते बघ. ट्रायल म्हटलं की सगळ्यांना वाटतं अण्णांना खोटी गोळी देऊन नुसतं बघत बसतील. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं, एका गटाला नवीन गोळी आणि दुसऱ्या गटाला सध्याचा जो मान्य इलाज आहे तो, आणि कोण कुठल्या गटात हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, डॉक्टरच्या हातात नसतं. काही ट्रायल्स एकाच गटाच्या असतात, सगळ्यांनाच गोळी. म्हणून दादाने डॉक्टरला विचारायचा प्रश्न 'प्रयोग आहे का' हा नाही, प्रयोग तर आहेच, विचारायचं हे की 'कशाच्या समोर काय आहे, आणि अण्णा दुसऱ्या गटात पडले तर त्यांना नेमकं काय मिळेल'. हे एक उत्तर मिळालं की अर्धा गोंधळ जातो.

गोळी काय करते ते मी तुला अण्णांच्याच भाषेत सांगते, कारण पुढे तुला ते त्यांना सांगायचंय. मिलचा भोंगा त्यांना चांगला ठाऊक असणार. भोंगा वाजला की पाळीचे कामगार आत, काम संपलं की बाहेर. पेशीच्या भिंतीवर असाच एक भोंगा असतो, नाव एफजीएफआर३, बाहेरून निरोप आला की तो वाजतो आणि पेशी वाढायला लागते, निरोप थांबला की गप्प. काही जणांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये या भोंग्याच्या जीनमध्ये बिघाड होतो आणि तो निरोप नसतानाही वाजतच राहतो, पाळीवर पाळी, कामगार येतच राहतात, मिल काही थांबत नाही. केमो म्हणजे जो कामावर दिसेल त्याला हाकलायचं, त्यात केसांचे, तोंडातले, रक्तातले भले कामगारही मार खातात. टार्गेटेड गोळी भोंग्याची वायर कापते. पण भोंगा अडकलेला असेल तरच वायर कापण्यात अर्थ, नाहीतर गोळी खाऊन नुसते त्रास तेवढे होतील. म्हणून आधी टेस्ट.

आणि इथेच मन घट्ट कर. पसरलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये हा बिघाड शंभरात साधारण १५ ते २० जणांत सापडतो. म्हणजे टेस्ट निगेटिव्ह यायची शक्यताच जास्त आहे. तुम्ही घरात ट्रायलला जायचं की नाही यावर भांडून राहिलात, आणि अजून हेच ठरलेलं नाही की अण्णांसाठी ती ट्रायल आहे की नाही. टेस्ट करून घ्या, भांडण नंतर करा, लागलंच तर.

टेस्टसाठी नवीन तुकडा काढावाच लागतो असं नाही. दुर्बिणीतून जो तुकडा काढला होता तो लॅबवाले मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, बायोप्सीच्या रिपोर्टवर त्याचा नंबर असतो. तो ब्लॉक किंवा त्याच्या न रंगवलेल्या स्लाइड्स पुढच्या लॅबला पाठवतात. हा ब्लॉक आजच्या आज जाऊन माग, अर्ज दे आणि पोच घे. मी एवढं का म्हणतेय, तर आमच्या धाकट्या दिरांच्या वेळी (त्यांचा फुप्फुसाचा होता) एका लॅबने आधीच्या टेस्टांतच सगळा तुकडा संपवून टाकला होता, आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही आपले कुरिअरची वाट बघत बसलो, आणि शेवटी परत बायोप्सी, परत सुई, दोन महिने गेले. दोन महिने या आजारात फार असतात. त्यामुळे लॅबला सरळ विचार की ब्लॉकमध्ये माल किती शिल्लक आहे आणि तो जीन टेस्टला पुरेल का. नाहीच पुरला तर रक्तातूनही ही तपासणी करतात, पण रक्तात काही सापडलं नाही म्हणून बिघाड नाहीच असं ठाम म्हणता येत नाही. टेस्टचा खर्च ट्रायलवाले करणार की तुम्ही, हे आधी विचार, बाहेर केलीत तर ही टेस्ट स्वस्त नाही.

समज पॉझिटिव्ह आली. मग काय आशा धरायची? या जातीची पहिली गोळी म्हणजे अर्डाफिटिनिब, अमेरिकेत २०१९ मध्ये तिला आधी घाईची मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पक्की. पक्की मिळाली ती थॉर नावाच्या ट्रायलमुळे. त्यात २६६ लोक होते, सगळ्यांच्या ट्यूमरमध्ये हा बिघाड होता आणि सगळ्यांची इम्युनोथेरपी आधी होऊन गेलेली होती. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना केमो. गोळीवाल्यांचं मधलं आयुष्य १२.१ महिने, केमोवाल्यांचं ७.८. मधलं म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केलं तर बरोबर मधे उभा असलेला माणूस, निम्मे त्याच्या अलीकडे गेले आणि निम्मे पलीकडे. गाठी चांगल्या आक्रसल्या असे गोळीत शंभरात ४६ आणि केमोत शंभरात साधारण १२. म्हणजे फरक खरा आहे, पण औषधाने 'विरघळेल' असं जे तुम्ही अण्णांना सांगितलंय ते खरं नाही. काही महिन्यांनी कॅन्सर दुसरं गेट शोधतो आणि भोंग्याशिवाय कामगार आत घ्यायला लागतो.

याच थॉर ट्रायलचा दुसरा एक भाग आहे, तो फारसं कोणी सांगत नाही आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. त्यात ज्यांची इम्युनोथेरपी झालेली नव्हती अशा लोकांना घेतलं, अण्णांसारख्या, आणि हीच गोळी पेम्ब्रोलिझुमॅबच्या समोर ठेवली, जी इम्युनोथेरपीच आहे. निकाल काय, तर १०.९ महिने विरुद्ध ११.१, म्हणजे आयुष्यात काही फरकच नाही. म्हणूनच अमेरिकेच्या मंजुरीत लिहिलंय की ज्यांना इम्युनोथेरपी देता येते आणि अजून दिलेली नाही त्यांच्यासाठी ही गोळी आधी सुचवू नये. तर डॉक्टरला हे नक्की विचार की इम्युनोथेरपी आधी घ्यायला हवी का, ती आपण पैशामुळे सोडली होती, कुठे मदतीतून किंवा एखाद्या ट्रायलमधून ती मिळू शकते का, आणि या ट्रायलला इम्युनोथेरपी न झालेला पेशंट चालतो का. कदाचित चालणारच नाही, मग प्रश्नच मिटला.

तुमच्या ट्रायलमधली गोळी अर्डाफिटिनिबच आहे की तिची नवीन चुलतबहीण, हे पत्रावरून कळत नाही. नवीन असेल तर हेही ऐकून ठेव की या घराण्यातल्या सगळ्याच मुली हुशार निघाल्या नाहीत. रोगारॅटिनिब नावाची एक गोळी अशीच केमोसमोर ठेवली होती, लोक काही जास्त जगले नाहीत, ट्रायल मधेच थांबवली. कागदावर दोघींचं काम एकच, वायर कापायची. म्हणून तर ट्रायल करावी लागते, नुसत्या तर्काने औषध ठरलं असतं तर कमिटीत बसून आम्ही चहाच प्यायलो असतो.

एक आणखी सांगते, मूत्राशयाच्या कॅन्सरचा इलाज गेल्या दोन-तीन वर्षांत खूप बदललाय. एन्फोर्टुमॅब वेडोटिन म्हणून एक औषध आहे, म्हणजे अँटिबॉडीच्या (कॅन्सरची पेशी ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या) पाठीवर केमो बांधून थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत पाठवायचा, त्याला जीन टेस्ट लागत नाही. ते पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर सुरुवातीलाच दिलं तर मधलं आयुष्य केमोच्या १६.१ महिन्यांवरून ३१.५ वर गेलं, ८८६ लोकांची ट्रायल होती, २०२३ मध्ये निकाल आला. अण्णांची सुरुवात आता होऊन गेली, आणि ही जोडी फार महाग आहे, पण टेस्ट निगेटिव्ह आली तर 'आता काही नाही' असं कोणी म्हटलं की हे नाव काढ आणि विचार. अण्णांना शुगर असेल तर तेही सांग, या औषधाने शुगर एकदम वर जाऊ शकते, हातपायांना मुंग्या येतात, अंगावर पुरळ येतं.

व्हॉट्सॅपवाल्या नंबरला उत्तरच देऊ नकोस. गोळी खरी आहे की खडू, हे तुला घरी बसून कळणार नाही, आणि खरी निघाली तरी ती अशीतशी खायची गोळी नाही. रोज ८ मिलिग्रॅमने सुरू करतात, दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं फॉस्फेट बघतात आणि त्यावरून ९ करायची का ते ठरवतात. फॉस्फेट बहुतेकांचं वाढतंच, म्हणून खाण्यातलं फॉस्फेट दिवसाला ६०० ते ८०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. आता इंदूरच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे! दूध, पनीर, रबडी, आपली दुधाची शिकंजी, बेसनाची शेव, काजू, कोला, सगळ्यात फॉस्फेट. सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन अण्णांनी काय करायचं, नुसतं बघायचं. डाएटिशियनकडून यादी लिहून घे, मनाने सगळं बंद करू नकोस, नाहीतर माणूस औषधाने नाही तर उपासाने खचेल. जेवणाबरोबर फॉस्फेट धरून ठेवणारी वेगळी गोळीही देतात. तोंड येतं, कोरडं पडतं, जुलाब होतात, नखं सैल होऊन सुटतात. आणि डोळे. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचून नजर अंधुक होऊ शकते, म्हणून पहिले चार महिने दर महिन्याला डोळ्यांची तपासणी आणि पुढे दर तीन महिन्यांनी. व्हॉट्सॅपवाला ही तपासणी करून देणार आहे का? 'अंधुक दिसतंय, मोतीबिंदू असेल' म्हणून तुम्ही घरी बसाल. ट्रायलमध्ये निदान हे सगळं वेळापत्रक लावून बघतात, मला तरी ट्रायलचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, औषधापेक्षाही.

ट्रायल खरी आहे का हे तू स्वतः बघू शकतेस. २००९ च्या जूनपासून आपल्याकडे ट्रायल नोंदवणं सक्तीचं आहे, सीटीआरआय म्हणून सरकारी रजिस्टर आहे, माहितीपत्रकावर सीटीआरआयने सुरू होणारा नंबर असेल, तो टाकून शोध, कुठली हॉस्पिटलं आहेत, कोण प्रायोजक, कोणाच्या समोर काय, सगळं उघड आहे. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे, तिच्यावर डॉक्टरचा आणि एथिक्स कमिटीचा फोन असतो. येण्याजाण्याचा खर्च देणार का, ते माहितीपत्रकात शोध, नसेल तर विचार, लाजू नकोस. औषध फायद्याचं ठरलं आणि ट्रायल संपली तर पुढे मिळणार का, तेही विचार, नियमात तशी तरतूद आहे पण डॉक्टरची शिफारस आणि कमिटीची मंजुरी लागते. आणि अण्णा कधीही म्हणू शकतात की मला आता नको, कारण द्यायची गरज नाही, आणि त्यामुळे त्यांचा नेहमीचा इलाज कोणी अडवू शकत नाही.

मुंबईच्या फेऱ्यांचाही विचार कर, कारण माहितीपत्रकात 'भेट ३, भेट ४' असं लिहिलेलं असतं ते वाचताना काही वाटत नाही पण ६९ वर्षांचा माणूस, लघवीला सारखं जावं लागणारा, अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर, ते सोपं नाही. कॅन्सर पेशंटला रेल्वेत इलाजासाठी जाताना सवलत आहे, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट फुकट आणि बरोबरच्या एकाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यावं लागतं. खालचा आणि संडासाजवळचा बर्थ बघ. आणि सुरुवातीच्या महिन्यात किती वेळा जावं लागेल ते आधीच मोजून कॅलेंडरवर लिही, मग अण्णांना विचार जमेल का.

आता आलो परत अण्णांपर्यंत. मी हे टाळत टाळत शेवटाला आणलंय, तुझ्यासारखंच.

माझ्या सासऱ्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. जठराचा होता. आम्ही म्हणायचो अल्सर आहे. दोन वर्षं ते 'बरा झालो की' म्हणत राहिले, बरा झालो की देवासजवळच्या शेताची वाटणी करीन, बरा झालो की धाकट्याशी बोलीन, त्यांचं आणि धाकट्याचं बोलणं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एका नवीन डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं. ते रडले वगैरे नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही माझी दोन वर्षं फुकट घालवलीत. शेताची केस अजून चालू आहे.

तू म्हणशील अण्णांचा स्वभाव हळवा आहे, खचतील. असेल. पण सहा केमो घेतलेला माणूस त्या वॉर्डात दर वेळी पाच-सहा तास बसलेला आहे, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी गप्पा मारलेल्या आहेत, भिंतीवरच्या पाट्या मोठ्या हिंदी अक्षरांत असतात. त्यांना काय माहीत आहे हे तुम्ही कधी विचारलंय का? आधी तेच विचार. आईला आणि दादाला बाजूला ठेव, दुपारी चहा झाल्यावर एकटी बस आणि विचार, 'अण्णा, तुम्हाला काय वाटतं, हे केमो कशासाठी होते?' आणि मग गप्प राहा. ते जे म्हणतील तिथून पुढे चल. ते म्हणाले 'मला नाही जाणून घ्यायचं, तुम्ही बघा', तर तोही त्यांचा हक्क आहे, साधा इलाज तसा चालू शकतो, पण मग ट्रायल नाही, हे डॉक्टरलाही तसं सांगून टाक. ते म्हणाले 'सांग', तर सांग, कॅन्सर शब्दासकट, आणि हेही सांग की पूर्ण बरा होणारा नाही पण काही काळ दाबून ठेवता येईल अशी औषधं आहेत, आणि त्यातल्या एकाची तपासणी चालू आहे. एका दमात सगळं नको. किती महिने हा आकडा त्यांनी विचारला तरच. भोंग्याची गोष्ट सांग, मला वाटतं त्यांना ती तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

आईला खोलीबाहेर ठेव म्हटलं ते पहिल्या वेळेपुरतंच, नंतर तिलाही बसव, नाहीतर ती दाराआडून ऐकेल आणि अर्धवट ऐकेल. दादाला या रविवारी इंदूरला बोलव. फोनवरून उंदीर म्हणणं सोपं असतं, त्याने एकदा डॉक्टरसमोर बसून विचारू दे.

आणि अण्णांशी बोलणं झालंच, तर त्यांना रंगाई खात्याचं विचार. कुठल्या वर्षी लागले, कोणते रंग हाताने कालवायचे, हातमोजे होते का, बिडी किती. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर जास्त होतो हे १८९५ मध्ये जर्मनीत रेन नावाच्या सर्जनने पहिल्यांदा दाखवलं होतं, आणि रंग हाताळणं आणि आजार यांच्यात वीस-तीस वर्षांचंही अंतर असू शकतं. त्याने अण्णांचा इलाज बदलणार नाही, पण मुंबईचे डॉक्टर ही हिस्ट्री विचारतील, आणि ती अण्णांशिवाय कोणाला सांगता येणार नाही. त्यांच्याबरोबर त्या खात्यात कोण कोण होतं तेही विचार, त्यातल्या कोणाला लघवीतून रक्त जात असेल तर त्याला म्हणावं गोळ्या खात बसू नकोस, आधी दुर्बीण घालून घे.